निम्मी हवा

दस्तगीर म्हणाला, बाई, सगळी हवा सोडायची न्हाय.
निम्मी ठेवा.
पुरी सोडली तर टायर घडीवर चिरतोय,
पुरी भरली तर उन्हाळ्यात ट्यूब दगा देती.
मी मान हलवली.
तेहेतीस वर्षं मीच सांगत आले लोकांना
किती थेंब, किती दिवसांनी, उपाशीपोटी की जेवून.
आज स्टुलावर बसून, उजवा पाय लांब करून
ऐकते आहे.

मंगळवारी मिरजेत गुडघा बदलायचा.
सायकल? डॉक्टर म्हणाले, बघू पुढे.
हे ‘बघू पुढे’ मी ओळखते.
पुष्कळ उंबऱ्यांवर मीच ठेवून आलेय ते.

रॉकेल आता मिळत नाही,
म्हणून साखळी रात्रभर डिझेलच्या डब्यात होती.
सकाळी जुन्या टूथब्रशनं घासली
तर कडीकडीतून काळं सुटलं :
डिग्रज ते तुंग, तुंग ते समडोळी,
मळीतल्या वाटा, उसाच्या गाड्यांमागची धूळ,
रात्री-अपरात्रीची बाळंतपणं.
अंगणात काळा ओघळ गेला
तुळशीपर्यंत. तिथं मी राख टाकली.

मग त्यानं पुढचं चाक उघडलं.
ग्रीसच्या आत, ग्रीससारखाच मऊ,
एकोणीसच्या पुराचा गाळ.
इतकी वर्षं मी तो घेऊन फिरत होते,
दर फेऱ्याला थोडी कृष्णा दळत,
आणि वाटायचं, वय झालं म्हणून चढ लागतो.

छर्रे वाटीत काढून मोजले.
एका अंगाला दहा, दुसऱ्या अंगाला नऊ.
चालतंय बाई, दस्तगीर म्हणाला,
एवढी जागा लागतीच फिरायला.
बोलायला बरं वाटतं असलं काही.
पण मी डोस मोजणारी बाई आहे.
त्याला दुकानात पाठवून दहावा आणायला लावला.

सीटच्या चामड्याला एरंडेल.
खोबरेल लावलं तर उंदीर येतात.
रिमला नि तारांना मशीनचं तेल,
फडक्यावर घेऊन, दिसणार नाही इतकंच.
वरून प्लास्टिक घालायचं नाही,
त्याच्या आत घाम सुटतो
आणि लोखंड आजारी पडतं.
म्हणून उपकेंद्रातली हिरवी चादर काढली,
कोपऱ्यात शिक्का आहे अजून.
परत करायची राहिली होती.
आता करत नाही.

कॅरिअरवर, लसीचा निळा डबा बांधायचे तिथं,
पट्ट्यानं रंग खाल्लाय.
हितं हात मारू का रंगाचा?
नको.
आणि बेल? काढून ठेवू? गंजती.
राहू दे.
या बेलनं अख्ख्या आळीची पोरं
खाटेखाली गेलीत. तिला एकटी कुठं ठेवू.

आता टांगायची.
सोप्याच्या भिंतीवर पाच सालची रेघ कमरेला,
एकोणीसची खांद्याला.
दस्तगीरनं हुक धरला, मी म्हटलं, वर.
हितं? आणखी वर.
तुळईलाच ठोक, उलटी टांग,
हँडल खाली आलं तरी
रेघेला शिवता कामा नये.
नदीचं नि माझं बोलणं झालेलं नाही.

चढवताना बेल वाजली. एकदाच.
पत्र्यापलीकडं सुकुमार चौगुले
हळदीच्या दरावरून फोनवर कुणाला तरी झापत होता.
पस्तिशीचा गडी, दोन पोरांचा बाप.
गप्पच झाला.
मग पत्र्यावरून डोकावला, वर बघितलं, हसला.
पण उजवा हात डाव्या दंडावर होता,
आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

जाताना दस्तगीर चप्पल घालत म्हणाला,
दर अवसेला चाकं फिरवा बाई,
एका जागी ऱ्हायलं की
सगळं वजन एकाच छर्ऱ्यावर येतंय.
पैसे घेताना पन्नास परत दिले त्यानं,
मी ते खिशात कोंबले पुन्हा.
मग ध्यानात आलं त्याच्या,
पण पोचणार कशा तुम्ही तितवर?
म्हटलं, काठी असेलच हातात.
काठीनं फिरवीन.